स्वयंपाक आपला, नजर उसनी : अंध व्यक्तीच्या स्वयंपाकघराचा खर्च

एकट्यानं राहणाऱ्या अंध माणसाचं स्वयंपाकघर लावायला डोळस माणसापेक्षा किती जास्त पैसे लागतात? शेगडी, कुकर, तवा, परात हे सगळ्यांनाच लागतं, ते हिशेबातून सोडून द्या. त्यावरचा जादा खर्च पुण्या-मुंबईच्या भावानं दोन ते पाच हजारांत बसतो. हा आकडा ऐकून लोकांना खरं वाटत नाही, कारण त्यांच्या डोक्यात परदेशातून मागवलेले बोलणारे काटे आणि बोलणारे थर्मामीटर असतात. ती यंत्रं घेतलीत तर तीस हजारही पुरणार नाहीत, आणि वरणभात तोच शिजेल.

मला दिसत नाही आणि मी एकटी राहते, त्यामुळे खालचे भाव आणि मतं दोन्ही वापरातली आहेत. भावांत गावागणिक शंभर-दोनशेंचा फरक धरा.

पैसे काढण्याआधी कामाची वाटणी करून घ्यावी लागते. स्वयंपाकातलं बहुतेक काम हाताचं, कानाचं आणि नाकाचं असतं. तेल तापलं का हे मोहरीचा एक दाणा टाकला की कळतं. कांदा परतून झाला हे वासावरून कळतं. भाजीतलं पाणी आटत आलं की उकळीचा आवाज बदलतो. कुकरचं तर सगळं शिट्ट्यांवरच चालतं; अंध माणसासाठी मुद्दाम काढलं असावं इतकं ते भांडं सोयीचं आहे. निव्वळ डोळ्यांची म्हणावीत अशी कामं थोडीच उरतात: धान्य निवडणं, पाकिटावरची तारीख वाचणं, भाजीतली कीड बघणं, ओट्यावर काही सांडलंय का, भांड्याला डाग राहिलाय का हे पाहणं. दिवसाची मिळून ही पाच-दहा मिनिटं होतात. पैसा आणि मदत या पाच-दहा मिनिटांवर लावायची. घरोघरी मात्र उलटं होतं. डोळ्यांचं काम अडतं म्हणून सगळा स्वयंपाकच दुसऱ्याच्या हाती दिला जातो, आणि पैसेही सगळ्या स्वयंपाकाचे जातात.

अमेरिकेत २०१२ साली क्रिस्टीन हा या अंध स्वयंपाकिणीनं ‘मास्टरशेफ’ स्पर्धा जिंकली. तिच्याजवळ एक मदतनीस होती. सामान कुठं आहे ते दाखवणं, हवं ते हाती आणून देणं एवढंच तिचं काम. रांधणं आणि चव क्रिस्टीनची. आपल्याकडे एवढी नेमकी वाटणी कुणी करत नाही.

शेगडी

सगळ्यात मोठा निर्णय हाच, म्हणून त्यावर जरा वेळ घालवू.

गॅसवर कितीतरी अंध बायका-पुरुष रोज स्वयंपाक करतात. त्यांची पद्धत सोपी असते. थंड शेगडीवर आधी भांडं ठेवायचं, ते बर्नरच्या मधोमध आहे का हे हातानं चाचपायचं आणि मगच पेटवायचं. उतरवताना आधी गॅस बंद, मग भांड्याला हात. लायटर लांब दांड्याचा घ्या, दोनशेच्या आसपास मिळतो. आपोआप पेटणारी शेगडी सोयीची, पण साध्या शेगडीपेक्षा दीड-दोन हजारांनी महाग. शिवाय तिचा खटका बिघडला की लायटर लागतोच.

सिलिंडरची नळी कंपनीची नारिंगी ‘सुरक्षा’ नळीच असावी. दीड मीटरला दोनशे रुपयांच्या आसपास पडते, आणि पाच वर्षांनी बदलायची असते. तिची तारीख नळीवरच छापलेली असते, म्हणजे ते डोळ्यांचं काम झालं. सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला एकदा वाचायला सांगा आणि ती फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून टाका. गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे नाक चांगलं असेल तर गळती कळते. सर्दीचा त्रास असेल किंवा कोविडनंतर वास नीट येत नसेल, तर गळती ओळखणारा भोंगा घ्या. हजार ते अडीच हजार रुपये. तो कुठं लावायचा हे दुकानदाराला नेहमी ठाऊक असतंच असं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खाली साठतो, म्हणून भोंगा जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. महानगर किंवा एमएनजीएलचा पाइपचा गॅस हलका असतो, तो वर जातो. तिथं भोंगा छताजवळ. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. हा क्रमांक पाठच असू द्या.

इंडक्शनला ज्योत नाही, भांडं उचललं की ती तापवायची थांबते, आणि दीड ते तीन हजारांत मिळते. नव्यानं दृष्टी गेलेल्या माणसानं सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. विजेचं बिल लोकांना वाटतं तेवढं येत नाही. बाराशे वॅटवर अर्धा तास चालवली तर ०.६ युनिट जळतं. युनिटला दहा रुपये धरले तरी सहा रुपये. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तर ते भांडं इंडक्शनवर चालतं. फ्रिजवरचं एक चुंबक पिशवीत टाकून दुकानात न्या.

इंडक्शनची खरी अडचण काचेत आहे. बाजारातले निम्मेअधिक नमुने नुसत्या स्पर्शावर चालतात. काच सपाट, बोटाला काही लागत नाही, आणि चाचपडताना नको ते चालू होतं. म्हणून दाबलेलं बोटाला कळेल अशा बटणांचीच घ्या. दुकानात ती प्लगला लावून मागा आणि तीन गोष्टी स्वतः करून बघा: डोळे मिटून, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, बटणं वेगवेगळी सापडतात का, प्रत्येक दाबाला आवाज होतो का, बंद करून परत चालू केली की दरवेळी त्याच आचेवर सुरू होते का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावरच ‘दोनदा दाबलं की मंद आच’ असं गणित बसतं. काचेवर दाखवणारा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. दिसायला तशीच, पण तारेनं तापणारी इन्फ्रारेड शेगडी विक्रेता गळ्यात मारू पाहील. तिच्यावर कुठलंही भांडं चालतं हे खरं, पण बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ भाजेल इतकी तापलेली असते. ती नको.

मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर घेतानाही हीच कसोटी: फिरवायच्या कानांचा घ्या. दोन कानांचा साधा वीस लिटरचा मायक्रोवेव्ह पाच-साडेसहा हजारांत मिळतो, आणि तो बटणांच्या भारी मायक्रोवेव्हपेक्षा स्वस्तच असतो. डोळस गिऱ्हाईक ज्याला जुना माल म्हणतं तो आपल्याला बरा पडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं ४३ वं कलम सांगतं की दिव्यांगांनाही वापरता येतील अशा सार्वत्रिक रचनेच्या वस्तूंचं उत्पादन आणि वितरण वाढावं यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. कलम कागदावर आहे, आणि काच मात्र दरवर्षी अधिकच गुळगुळीत होत चालली आहे.

बारीकसारीक सामान

खुणा करायला परदेशी चिकट ठिपक्यांचा ताव तीनशे रुपयांना मिळतो. त्याऐवजी दहा रुपयांचं टिकल्यांचं पाकीट आणा. खड्याची टिकली बोटाला छान लागते. मध्यम आचेच्या खुणेवर एक, बंदच्या खुणेवर दोन. धुतल्यावर निघते म्हणून पक्की खूण हवी असेल तिथं कापडावर नक्षी काढायचा थ्रीडी रंग वापरा. त्याची चाळीस-पन्नास रुपयांची एक नळी वर्षभर पुरते. वाळला की फुगीर राहतो.

डब्यांसाठी रबरबँड. तूरडाळीला एक, मुगाच्या डाळीला दोन. हरभराडाळ हाताला कळते, तिला काही लागत नाही. ब्रेल येत असेल तर पाटी-टोच्या वापरून जाड पारदर्शक चिकट कागदावर नावं उमटवा. पण हळद आणि तिखट वासानं, मीठ आणि साखर दाण्यानं ओळखता येत असताना डब्याडब्याला ब्रेल लावत बसण्यात अर्थ नाही. मिसळणाच्या डब्यातली वाट्यांची जागा एकदा ठरवली की ती कायमची. धोका तिथं जिथं दोन वस्तूंचा वास आणि स्पर्श सारखा असतो किंवा चूक महागात पडते. खायचा सोडा आणि पिठीसाखर शेजारी ठेवू नका. झुरळाचं औषध, फिनेल, ॲसिड हे स्वयंपाकघरात नकोच. बाटलीचा आकार तेलाच्या बाटलीसारखा असतो.

दुधासाठी शिट्टीचा दुहेरी भिंतीचा कुकर घ्या, सातशे ते हजार रुपये. दूध उतू जात नाही आणि तापलं की तो सांगतो. भिंतीतलं पाणी भरायला विसरलात तर मात्र शिट्टी होत नाही. मापाचे चमचे आणि कपांचा संच दीडशे, दोरी ओढायचा चॉपर तीनशे, कोपरापर्यंतचे हातमोजे साडेतीनशे, काठ उंच असलेला ट्रे दोनशे, लांब चिमटा दीडशे. कापायचं, ओतायचं ते सगळं ट्रेमध्ये करायचं, म्हणजे सांडलेलं ओटाभर शोधावं लागत नाही. खुणांच्या पन्नास-शंभर रुपयांसकट ही बेरीज बावीसशेच्या आसपास येते. वर बटणांची इंडक्शन धरली की साडेचार-पाच हजार.

विळी की सुरी यावर अंध स्वयंपाक्यांत मतभेद आहेत. विळीचं पातं जागचं हलत नाही, दोन्ही हात भाजीवर राहतात, हा तिचा मोठा गुण. पण उघडी विळी जमिनीवर राहिली आणि घरात दुसरं कुणी वावरत असलं तर पाय कापतो. मी सुरी आणि चॉपरवर आहे. लहानपणापासून विळीवर हात बसलेल्यांनी ती सोडू नये.

कपात चहा ओतताना पातळी सांगणारं, काठावर अडकवायचं छोटं यंत्र चार-सहाशे रुपयांत मिळतं. गार पाण्याला बोट पुरतं, पण उकळत्या चहाला ते बरं पडतं. बोलणारा वजनकाटा मात्र रोजच्या जेवणाला अजिबात लागत नाही. केक विकायचा व्यवसाय असेल तरच घ्या.

पोळ्यांबद्दल एक सूचना. नव्यानं शिकणाऱ्यानं पोळीच्या आधी भाकरी शिकावी. भाकरीला हात सतत पिठावर असतो, जाडी-पातळी तळव्याला कळते. पोळीला मध्ये लाटणं येतं. तोवर पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायला काहीच हरकत नाही, दहा-बारा रुपयांना एक पडते.

फोन

हातातला फोन हे या स्वयंपाकघरातलं सगळ्यात महाग यंत्र, आणि ते बहुधा आधीच घरात आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर त्यातच असतं, फुकट. गुगल असिस्टंटला मराठीतून वीस मिनिटांचा गजर लावायला सांगता येतं, त्यामुळे पाच हजारांचा बोलका स्पीकर फक्त गजरासाठी घेऊ नका. ‘सीइंग एआय’ पाकिटावरची छापील अक्षरं वाचून दाखवतं. ‘बी माय आइज’ हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं आणि २०१५ पासून चालू असलेलं ॲप आपल्याला व्हिडिओवर एखाद्या डोळस स्वयंसेवकाशी जोडून देतं. दोन्हींचे पैसे लागत नाहीत. खर्च आहे तो अडीच-तीनशे रुपयांच्या लवचीक मानेच्या स्टँडचा. तो घ्याच. एका हातात फोन आणि दुसऱ्यात पाकीट धरून तारीख शोधणं म्हणजे कसरत.

फोनमधलं एआय चित्राचं वर्णन आत्मविश्वासानं करतं, चुकलं तरी तितक्याच आत्मविश्वासानं. चकचकीत, सुरकुतलेल्या पाकिटावर ठिपक्यांनी छापलेली तारीख ते हमखास चुकवतं. डब्यात काय आहे हे त्याला विचारा. खराब झालंय का हे माणसाला विचारा. आणि कॅमेरा चालू असताना ओट्यावर बँकेचं कार्ड किंवा आधार पडलेलं नाही ना, हे आधी चाचपून घ्या.

कानात इअरफोन घालून स्वयंपाक करू नये. पाककृती ऐकायची असेल तर फोनचा स्पीकर लावा, कारण फोडणी कानानंच करायची आहे.

मदत मागायची ती अशी

शेजारच्या काकूंना “काकू, जरा येता का, मला मदत हवीय” म्हटलं की काकू पदर खोचून येतात, आपल्याला खुर्चीवर बसवतात आणि भाजी फोडणीला टाकून जातात. वर “तू कशाला गॅसजवळ जातेस गं” हेही येतं. त्याऐवजी प्रश्न काकूंच्या हातात द्यायचा: “काकू, या फ्लॉवरमध्ये अळी आहे का, तेवढं बघून सांगा. चिरते मी.” काम, त्याची हद्द आणि पुढचं कोण करणार, हे तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे. पहिल्या दोन-तीन वेळा काकूंना ते तुटक वाटेल. नंतर त्यांनाच सोपं जातं, कारण दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास मोडावा लागत नाही.

दिवसातून पाच वेळा दार वाजवण्यापेक्षा बघायच्या वस्तू एका ट्रेमध्ये साठवा आणि एकदाच विचारा. काही कामं तर मदतीशिवाय उरकतात. भेंडीचं टोक मोडून बघितलं की कोवळी की जून ते कळतं. अंडं आधी वाटीत फोडून हुंगायचं. पालेभाजी तीनदा पाण्यातून काढायची. निवडलेले तांदूळ आणि डाळी किलोमागे दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या. महिन्याला शंभरेक रुपये वाढतात, पण निवडून देणाऱ्याची वाट बघणं संपतं. मला हा सगळ्यात वसूल खर्च वाटतो.

उरलेल्या कामासाठी पगारी मदत घ्या, आणि तीही नजरेची. मावशींना सरळ सांगायचं, “मावशी, स्वयंपाक मी करते. तुम्ही आठवड्यातून एक तास यायचं.” त्या तासात काय? फ्रिजमधलं काय संपवायचं आणि काय टाकायचं ते सांगणं, नव्या सामानाच्या तारखा वाचून मला लिहून घेऊ देणं, ओट्यामागची फरशी आणि शेगडीखालची चिकटी बघणं, धान्यात जाळी-किडे पाहणं. तासाला दीडशे-दोनशे रुपये धरले तर महिन्याला सहाशे-आठशे होतात. पुण्यात एका वेळच्या, दोन माणसांच्या स्वयंपाकाला मावशी तीन ते साडेचार हजार घेतात. दोन्ही वेळच्या डब्याला माणशी साडेतीन ते पाच हजार पडतात. दमल्यावर डबा जरूर मागवा. तुलना एवढ्यासाठी, की डोळ्यांच्या कामाचा भाव किती कमी आहे ते कळावं.

मावशींशी पहिल्याच दिवशी ठरवायची अट एकच: जागा बदलायची नाही. पुसायला उचललेला डबा होता तिथंच, तसाच परत. ‘आवरून ठेवलं’ या दोन शब्दांनी अंध माणसाचा अर्धा दिवस खर्ची पडतो, आणि घरी आलेली प्रेमळ नातेवाईक मंडळी यात मावशींपेक्षा जास्त दोषी असतात. त्यांना पगार नसल्यामुळे बोलताही येत नाही. पाहुणे येणार असतील तर मिसळणाचा डबा आणि सुरी आपल्या खोलीत नेऊन ठेवा.

शिकायचं कुठं, पैसे कुठून

दृष्टी मोठेपणी गेली असेल तर एकदा रीतसर शिकून घ्यावं. मुंबईत वरळीला मुख्यालय असलेली, १९५२ साली स्थापन झालेली ‘नॅब’ ही संस्था आणि तिच्या जिल्हा शाखा यांच्याकडे चौकशीची सुरुवात करा. डेहराडूनच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेत प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे. १९४३ साली युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या वसतिगृहातून ही संस्था उभी राहिली. चौकशी करताना ‘दैनंदिन जीवन कौशल्यांत प्रत्यक्ष गॅसवर स्वयंपाक शिकवता का’ असंच विचारा. नाहीतर फळं चिरणं आणि सरबतावर बोळवण होते.

दिव्यांगांचं युडीआयडी ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा. सवलतींच्या पुढच्या सगळ्या रांगांत ते मागतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून यंदा काय देणार हे समाजकल्याण किंवा दिव्यांग कक्षात लेखी विचारा, आणि इंडक्शन किंवा शिट्टीचा दूधकुकर ही वस्तू नावानिशी अर्जात घाला. नुसतं ‘मदत मिळावी’ लिहिलं की जी वस्तू वाटपाला आलेली असेल तीच मिळते. आयकर भरणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. त्यासाठी खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, प्रमाणपत्र लागतं.

मालाच्या पावत्या मात्र सांभाळाव्या लागतात. अंधांसाठीच्या वस्तू बऱ्याचदा आयात केलेल्या असतात. वेष्टनावर आयातदाराचं नाव, कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलाच पाहिजे, आणि त्या छापील किमतीवर कुणाला जास्त मागता येत नाही. पैसे देण्याआधी हे तिन्ही फोनवर वाचून घ्या, कारण आयातदार नसेल तर यंत्र बिघडल्यावर जायला दार नाही. विक्रेता ऐकेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानातल्या यंत्रावर छापलेल्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते आणि कोरा कागद हाताला तसाच लागतो. म्हणून पावती हातात आली की काउंटरवरच कुणाला तरी तिचा फोटो काढायला सांगा आणि फोटोला वस्तूचं नाव देऊन ठेवा.